पाणी उतरलेली कृष्णा: फाल्गुन-चैत्रात दोन दिवस राहावं अशी सातारा-सांगलीकडची छोटी गावं

माहुलीकर

शिमगा जवळ आला की आमच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याचे भाचे, ठाण्याची मावसबहीण, सगळ्यांचं एकच: "दोन दिवस मोकळे आहेत, महाबळेश्वरला येतोय, खोली बघून ठेव." मी दरवर्षी सांगतो की पसरणी घाट चढूच नका, खाली वाईतच उतरा. पाचातले तीन ऐकत नाहीत. जे ऐकतात ते पुढच्या वर्षी विचारतात, आता कुठलं गाव सांगतोस? म्हणून हा धागा काढतोय.

नदीकाठची आमची गावं बघायची तर याच दिवसांत. पावसाळ्यात कृष्णा फुगलेली असते, घाट पाण्याखाली. पाऊस सरला तरी खालच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं. होळीच्या सुमाराला पाणी उतरतं, पायऱ्या उन्हानं कोरड्या पडतात, पात्रातले काळे खडक वर येतात. घाट बांधणाऱ्यानं जसा बांधला तसा पायथ्यापर्यंत तेव्हाच नजरेला पडतो. सोबत आंब्याचा मोहोर, बांधावर पेटलेला पळस आणि पांगारा, घाटाच्या कडेला तांबूस पालवी फुटलेला कुसुंब. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या कुसुंबाची पालवीच फुलं वाटतात.

सुरुवात वाईपासून करतो. ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे. 1762 मध्ये सरदार गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं मंदिर, दहा फूट उंच मूर्ती. लोक समोरून दर्शन घेतात आणि निघतात. तुम्ही देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेली आहे आणि तिचं टोक नदीच्या वरच्या अंगाला आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटतं, दोन्हीकडे फाटतं आणि पुढं जातं. मला ही भिंत माझ्या आजोबांनी दाखवली, मी सात वर्षांचा असताना. पाणी उतरलेलं होतं म्हणून त्यांनी मला खाली उभं करून भिंतीच्या कडेवर हात फिरवायला लावला होता. अजूनही वाईला गेलो की हात फिरवल्याशिवाय परत येत नाही.

वाईत सात घाट आहेत आणि माघापासून एकेक घाट आपापला कृष्णाबाईचा उत्सव करतो. तेव्हा गेलात तर घाटावर मांडव, कीर्तन आणि पंगती. विश्वकोशाचं गाव म्हणूनही वाईला मान आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावात बसून उभं केलं, पहिला खंड 1976 मध्ये आला.

वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, आणि त्यामागं चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. घाटावरच्या छोट्या देवळात एक मोठी घंटा टांगली आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली त्यानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. संध्याकाळी साडेपाचनंतर जा, घाटावर सावली आलेली असते. धोमला धरणाच्या अलीकडे नृसिंहाचं देऊळ आहे, तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंड बांधणाऱ्या पाथरवटाला सलाम करावासा वाटतो.

आमचं माहुली साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. काठावर छत्रपती घराण्यातल्या समाध्या आहेत. पुराचं पाणी चढतं तेव्हा काही दिसत नाही. आत्ता या, शांतपणे बसता येईल.

एकच विनंती. एक गाव निवडा आणि मुक्काम त्याच गावात करा. दिवसाला पाच ठिकाणं करू नका. बाकीच्यांनी आपापली गावं सांगावीत, विशेषतः सांगलीकरांनी. मला कऱ्हाडच्या खालची नदी फारशी ठाऊक नाही.

ठाणेकरीण

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघणार आहोत. मी, नवरा, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आणि सासूबाई. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण देवळं आणि नदी म्हटलं की त्यांचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त. मुलीला कासची फुलं बघायची आहेत. दोन रात्रींत वाई, कास, महाबळेश्वर असं बसेल का?

माहुलीकर

ताई, कास आत्ता नको. फुलं ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. मार्चमध्ये पठारावर वाळकं गवत आणि कातळ दिसेल, मुलगी हिरमुसेल. तिला सप्टेंबरात परत आणा.

दोन्ही रात्री वाईत राहा. पहिल्या दिवशी संध्याकाळी मेणवली, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ढोल्या गणपती आणि घाट, दुपारी झोप. अकरा ते चार ऊन भाजून काढतं, सासूबाईंना त्या वेळात बाहेर काढू नका. मुलांना वरचं काही दाखवायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी चारनंतर भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे पुस्तकांचं गाव 4 मे 2017 ला सुरू झालं. घराघरांत कपाटं आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचता येतं. स्ट्रॉबेरीचा हंगामही त्या सुमाराला चालू असतो, शेतातून तोडलेली मिळते.

परतीच्या वाटेवर साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. वरून बघितली तर नुसती अष्टकोनी विहीर दिसते. खाली उतरलं की विहिरीच्या पोटात महाल आहे. पायऱ्या रुंद आहेत, सासूबाई हात धरून अर्ध्यापर्यंत नक्की उतरतील.

वखारवाला

माहुलीकर दादांनी सांगलीकरांना हाक मारली, म्हणून लिहितो. आमची तीन पिढ्यांची हळदीची अडत आहे, त्यामुळं माझं वर्षच फाल्गुनात सुरू होतं.

लोक सांगलीला गणपती बघायला येतात, आयर्विन पुलावर फोटो काढतात, भडंग बांधून घेतात आणि कोल्हापूरला जातात. अहो, दोन महिने हळदीचे असतात तेवढे तरी थांबा. शेतात काढणी झालेली असते आणि मोठ्या काहिलीत किंवा ड्रममध्ये वाफेवर हळद शिजत असते. पहाटे एखाद्या शेतावर गेलात तर लांबूनच वास येतो. दुकानातल्या पुडीचा वास तो नव्हे. ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा, घशात उतरणारा. शिजली की नाही हे आमच्याकडं जुनी माणसं काडीनं बघतात. गड्ड्यात काडी सहज आत गेली की काहील उतरवायची. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर आतून कच्ची राहते आणि वाळताना दगा देते. मग पंधराएक दिवस उन्हात पसरून वाळवण, मग पॉलिशचा ड्रम. त्या दिवसांत माणसांच्या पायांचे तळवे, कपडे, सायकलीचे हँडल सगळं पिवळं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता गाव सांगतो: हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर, रस्ता दोन्ही बाजूंनी चिंचेच्या झाडांचा. कृष्णा आणि वारणा इथं मिळतात, काठावर संगमेश्वराचं देऊळ. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आणि हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे पेवं. जमिनीत खणलेले खोल कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही आणि कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक कायमची गेली. आमच्या आजोबांच्या पेवाची जागा मी अजून दाखवू शकतो. वर आता गवत आहे. तिथं गेलो की मी जरा वेळ उभा राहतो.

संध्याकाळी संगमावर बसा. पाणी उतरलेलं असतं, वाळूची जीभ बाहेर येते. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग थोडा वेगळा असतो, नीट बघितलं तर रेघ सापडते.

दुसऱ्या दिवशी तासगाव. द्राक्षाची बाग सगळ्यांनी बघितलेली असते, बेदाण्याचं शेड बघा. एकावर एक जाळ्यांचे थर, त्यावर घड पसरलेले, वर सावलीचं कापड. सावलीत वाळतो म्हणून बेदाणा हिरवा राहतो. शेडवाल्याला आधी विचारा, नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळही तिथंच. त्याला दक्षिणेकडच्यासारखं सात मजली गोपुर आहे, आपल्याकडं असं क्वचित दिसतं.

जवारी

वखारवाला दादा, मिरज राहिलं की! सांगलीपासून दहा किलोमीटर.

मिरजेत सतारमेकर गल्लीत एक सकाळ काढा. पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे छताला टांगलेले दिसतात, त्यांतून तंबोऱ्याचा जन्म होतो. सगळ्यांत अवघड काम शेवटी असतं, जवारी काढणं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेनं इतका हलका घासायचा की हाताला फरक कळत नाही, कानालाच कळतो. कारागीर एकदा घासतो, तार छेडतो, डोळे मिटून ऐकतो, परत घासतो. माझ्या तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मी तीन तास शेजारी बसले होते. शेवटी तारेखाली दोरा सरकवला आणि एका जागी येऊन स्वर फुलला तेव्हा ते काका काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं.

ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे. 1937 मध्ये खाँसाहेब गेले. शिकणारी मुलं अजून तिथं येऊन डोकं टेकवतात. मीही टेकवते.

घाटवाट

वाईला जाणाऱ्यांनी रंगपंचमी साधावी. बावधनचं बगाड! भैरवनाथाची यात्रा. होळीच्या पौर्णिमेला कौल लावून बगाड्या, म्हणजे त्या वर्षी बगाडावर चढणारा माणूस, ठरतो, आणि रंगपंचमीला सोनेश्वरहून बगाड, म्हणजे उंच खांबाचा लाकडी गाडा, गावाकडं निघतं. खिलारी बैल जोड्या बदलत ओढतात, शेताशेतांतून. नोकरीला कुठंही गेलेला बावधनकर त्या दिवशी गावात असतो. मी गेली अकरा वर्षं चुकवलेली नाही.

माहुलीकर

घाटवाट, बगाड मलाही प्रिय आहे, पण लहान मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन येणाऱ्यांना मी ते सुचवणार नाही. गर्दी, धुरळा, बैलांच्या वाटेत कोण येईल सांगता येत नाही. शिवाय त्या दिवशी वाईत राहायला जागा मिळणं मुश्किल.

घाटवाट

दादा, म्हातारी माणसं गावातल्या ओळखीच्या घरात बसतात आणि बगाड दारावरून जाताना बघतात. ओळख नसेल तर मात्र तुमचं बरोबर. मुलांना खांद्यावर घेऊन लांबच्या बांधावरून दाखवता येतं, पण बैलांच्या जवळ अजिबात नेऊ नये. एवढी सुधारणा करतो.

औंधची लेक

माझ्या माहेराचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहिते. औंधला नदी नाही, टेकडी आहे. मूळपीठावर यमाई आहे. वर जायला पायऱ्याही आहेत आणि गाडीरस्ताही. टेकडीच्या अंगावर श्री भवानी संग्रहालय, 1938 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूर यांचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प बघायला माणसं मोठमोठ्या शहरांत जातात. आम्ही शाळेतून ओळीनं चालत जाऊन बघायचो. बाईंनी 'हात लावू नका' सांगितलेलं असायचं आणि मी त्या शिल्पासमोर हात मागं बांधून उभी राहायचे. आई आणि मूल असं घट्ट एका दगडात आहे हे तेव्हाही कळायचं.

याच राजानं 1939 मध्ये राज्यकारभार गावच्या पंचायतींच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्यानं तो मसुदा झाला. एवढंसं संस्थान, आणि स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी. औंधला गेलात तर वाड्याच्या चौकात थांबून हे मुलांना सांगा.

चैत्रात सकाळी वर वारा असतो. दहाच्या आत उतरा. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

माणदेशी

चैत्र म्हटलं की शिखर शिंगणापूर. शंभू महादेवाचं लग्न लागतं, आणि चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी मुंगी घाटानं वर चढतात. घाट कसला, उभा कडाच. साखळी करून, एकमेकांचे हात धरून कावड वर घेतात. सासवडच्या भुतोजी तेल्यांच्या कावडीचा मान मोठा. खालून "हर हर महादेव" उठतं आणि वरून उत्तर येतं, तेव्हा अंगावर काटा येतो. ही सहलीची जागा नाही हे मान्य. पण आमच्या दुष्काळी मुलखाचा वसंत असाच असतो. यात्रेचे दिवस टाळून गेलात तर देऊळ निवांत बघता येतं. पाणी सोबत ठेवा.

संगमावरचा

कऱ्हाडहून लिहितोय. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच. संध्याकाळी सगळं गाव फिरायला येतं. पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर जरूर बघा, लिंबच्या विहिरीसारखं तिचं नाव झालं नाही एवढंच.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. पाणी उतरलेलं दिसतं म्हणून पोरं बेधडक पात्रात उतरतात. उन्हाळ्यात शेतीसाठी धरणातून आवर्तन सोडतात, आणि सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली जातो. चार वर्षांपूर्वी माझा पुतण्या बहे-बोरगावच्या रामलिंग बेटाजवळ खडकावर बसला होता. बघता बघता दोन्ही बाजूंनी पाणी आलं. गावातल्या एका पोहणाऱ्यानं त्याला काढलं, चप्पल आणि फोन गेले. तो वाचला, पण माझ्या वहिनी अजून नदीचं नाव काढलं की गप्प होतात. कुठल्याही घाटावर आधी गावकऱ्याला विचारा, "आज पाणी सोडलंय का?" बेट मात्र बघण्यासारखं आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथं आहे, आणि त्या मारुतीनं कृष्णेचा ओघ अडवून धरला अशी कथा आहे.

माहुलीकर

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

पाऊलवाट

राहण्याबद्दल एक. मागच्या वर्षी आम्ही नदीकाठच्या एका गावात फोटो बघून खोली ठरवली. 'नदीसमोर' लिहिलं होतं. पोचलो तर नदी दिसायला गच्चीवर जावं लागत होतं आणि दुपारी दोनला नळ बंद. पैसे आधी दिलेले. तेव्हापासून मी फोनवर तीनच गोष्टी विचारते: दिवसभर पाणी असतं का, खोली कितव्या मजल्यावर, सकाळचा चहा किती वाजता मिळतो. जो माणूस घाई न करता उत्तर देतो त्याच्याकडं राहते. आणि जेवण घरगुती मिळत असेल तर भाकरी, खरडा, कटाची आमटी मागा.

आणखी एक गाव: देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. शेजारीच सागरेश्वर अभयारण्य. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल, सांबर-चितळ दिसतात. रेल्वेनं आलात तर ताकारीला उतरा.

ठाणेकरीण

काल रात्री परत आलो. दादा, तुमचं ऐकलं. दोन्ही रात्री वाईतच राहिलो.

मेणवलीला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. घाटावर दोन बायका गोधड्या धूत होत्या, बाकी कुणी नाही. सासूबाई तीन पायऱ्या उतरून बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा, मी इथंच. आम्ही घंटा बघून आलो. धाकट्याला त्यावरची आई आणि बाळ लगेच दिसलं, आम्हाला शोधावं लागलं. परत आलो तर सासूबाईंच्या हातात कैरी होती, त्यातल्या एका बाईंनी दिलेली, आणि दोघींच्या गप्पा रंगलेल्या. त्या बाई सांगत होत्या की 2005 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, आणि सासूबाई त्यांना 26 जुलैला आमच्या चाळीत पाणी कसं शिरलं ते सांगत होत्या. अंधार पडेपर्यंत आम्ही कुणी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल्या गणपतीच्या मागं गेलो. मुलांना भिंतीवर हात फिरवायला लावला. मुलगी म्हणाली, "ही बोट आहे." नंतर दिवसभर वहीत तिचंच चित्र काढत होती.

लिंबला सासूबाई हट्टानं अर्ध्यापर्यंत उतरल्या. बाहेर भाजत होतं आणि आत गारवा. भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या थोडा वेळ. वर यायला अर्धा तास लागला, मधे दोनदा बसलो, पण त्यांनी तक्रार केली नाही. आवर्तनाचं मी दोन्ही घाटांवर विचारलं. संगमावरचा दादांचे आभार.

भिलार राहिलं. मुलं झोपून उठलीच नाहीत.

वखारवाला दादा, सासूबाईंनी तुमची पोस्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. त्यांच्या वडिलांच्या नाटक मंडळीत 'शारदा' व्हायचं. पुढच्या फाल्गुनात हरिपूरच, असं त्यांनी गाडीतच जाहीर केलं. सांगली स्टेशनवरून रिक्षा सहज मिळते का?

वखारवाला

मिळते ताई. रिक्षावाल्याला चिंचेच्या रस्त्यानं घ्यायला सांगा. निघायच्या आधी इथं लिहा, त्या दिवशी कुठल्या शेतावर काहील लागणार आहे ते मी विचारून ठेवतो. आईंना पहाटे उठवायची तयारी ठेवा.